मुंबई ते लंडन, आमच्या घड्याळाने

१२ सप्टेंबर १९७४, गुरुवार. पालम, जि. परभणी.

आज आश्रुबा पोस्टमनने पत्र आणले आणि नेहमीप्रमाणे माझ्या दारावरून पुढे नेऊन शेजारच्या सत्यशीलेच्या हातात दिले. माझ्या बायकोला, सरजाबाईला वाचता येत नाही आणि मी वाचणार नाही, हे आता टपालखात्यालाही पाठ झाले आहे. ही सत्यशीला माझ्याच दहावीच्या वर्गात आहे. नाईल नदी कुठून कुठे वाहते हे तिला अजून सांगता येत नाही, पण माझ्या घरची पत्रे मात्र खडाखडा वाचते.

पत्र आमच्या चिरंजीवांचे. डॉक्टर नागनाथ तात्याराव वाव्हळे. लंडनच्या कुठल्या इस्पितळात नोकरी लागली आहे. रविवार दिनांक २२, सकाळी सव्वासहाला मुंबईहून विमान. मी ओसरीवर वह्या तपासत होतो म्हणून कानावर पडले. मुद्दाम ऐकत नव्हतो.

मे महिन्यात मी त्याला एवढेच म्हणालो होतो की पालमच्या दवाखान्यात ये, आपल्या वस्तीतल्या माणसाला हात लावून तपासणारा डॉक्टर इथे पाहिजे. तर म्हणाला, "बापू, तुम्ही पंचवीस वर्षं पोरांना जग शिकवलंत, आणि स्वतः औरंगाबादच्या पुढं गेला नाहीत. मला नकाशाच्या बाहेर जाऊ द्या." बापाच्या तोंडावर. तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही आणि बोलणारही नाही. डॉक्टर झाला म्हणून काय शिंगे फुटली.

१५ सप्टेंबर, रविवार

गावभर झाले आहे. पंडित न्हाव्याने अर्धी दाढी ठेवून विचारले, "सर, इमान मधी कुठं थांबतंय का? चहापाण्याला?" मी म्हणालो, ते विमान आहे, लोह्याला जाणारी यष्टी नाही. त्यावर बाकावरचे तिघे गंभीरपणे माना हलवत राहिले. या गावात भूगोल शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण गावाचे काय सांगावे, घरातच उजेड आहे. आज सरजाबाईने भाकरी थापता थापता जाहीर केले, "त्यो इमानात बसल्यापासनं त्येचे पाय भुईला लागंस्तवर म्या अन्नाला शिवणार न्हाई. पाणी बी घेणार न्हाई."

मी विचारले, हा नवस कोणाला? छप्पन साली धम्म घेतला आणि देव टोपल्यात घालून गोदावरीत सोडले. सोडताना मी कंबरभर पाण्यात होतो आणि ही काठावर उभी होती. अठरा वर्षे झाली. अजून चतुर्थी आली की हिचा हात भाकरीशी घुटमळतो, हे मला दिसत नाही असे तिला वाटते.

"देवाला कुठं काय मागितलं म्या?" ती म्हणाली. "म्या नुसती जेवणार न्हाई."

"मग त्याने काय होणार?"

"काय व्हतंय ते मला काय ठावं. लेकरू बिनआधाराचं वर आसंल, आन् म्या हितं घटाघटा पाणी पीत बसू?"

देवाचे नाव घेतले असते तर मी तिला दोन मिनिटांत गप्प केले असते. अडाणी माणसाशी वाद घालायचा म्हणजे त्याने आधी काहीतरी धड बोलावे तरी लागते.

शिवाय हिला साखरेचा आजार. परभणीच्या डॉक्टरांनी रोज सकाळी गोळी आणि वेळच्या वेळी खाणे असे लिहून दिले आहे. उपाशी राहिली तर चक्कर येऊन पडेल, शुद्धही जाईल, असे तिला बजावणारा हा नागनाथच. आणि आता त्याच्याचसाठी उपाशी राहणार.

शेवटी विचारते, "आवं, किती तास लागत्यात तिथवर? तुमाला तर समदं ठावं आसतंय."

मी म्हणालो, काढून सांगतो. तिने निदान विचारले ते योग्य माणसाला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

घरच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे, एका कोपऱ्यात वाळवी लागलेला. गोधडीचा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर, दुसरे लंडनवर. प्रमाणपट्टीवर ठेवून पाहिले: नऊ हजार तीनशे किलोमीटर. वर्तमानपत्रात येते की मोठी विमाने ताशी नऊशे किलोमीटर जातात. म्हणजे दहा तास वीस मिनिटे. लंडनचे घड्याळ वेगळे असते, पण त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पोटाला आपलेच घड्याळ कळते. सव्वासहाला निघाला तर आपल्या घड्याळाने दुपारी चार पस्तीस.

सरजाबाईला सांगितले. तिने बोटे मोजली. मग म्हणाली, "मधी कुठं थांबतंय का पर?"

न्हावी आणि ही, दोघांची शाळा एकच. मी म्हणालो, "हवेत कुठे थांबेल? झाडावर?"

साडेदहा तास पाण्याविना, या उन्हात, या आजारात. शाळेत तिसऱ्या तासाला एकाएकी लक्षात आले आणि खडू हातात तसाच राहिला. सपाट नकाशावर उत्तरेकडचे अंतर फुगलेले दिसते. ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते ते त्यामुळेच. मीच हे दर वर्षी शिकवतो आणि मीच सपाट नकाशावर दोरा धरून बसलो. खरे अंतर याहून कमी असणार. ते फक्त पृथ्वीच्या गोलावर कळेल.

गोल शाळेत एकच आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या कपाटात.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मुख्याध्यापक रंगनाथराव. ऐंशी एकर जमीन, चौथ्या खेपेला बी.एड. आणि बोलताना पृथ्वीला 'ती गोळी' म्हणतात. सहा वर्षांपूर्वी माझी ज्येष्ठता डावलून यांना त्या खुर्चीत बसवले. बसले त्याच आठवड्यात गोल कपाटात ठेवून त्याला पितळी कुलूप घातले. पोरे फोडतील म्हणे. त्या दिवशी मी ठरवले की या माणसाकडे किल्ली मागायची नाही. सहा वर्षे मी फळ्यावर हाताने जग काढतो. माझ्यासारखा आफ्रिका खंड अख्ख्या परभणी जिल्ह्यात कोणी काढत नाही, हे तपासणी अधिकाऱ्यांनी लिहून दिले आहे.

कुलूप मला नवे नाही. निजामाच्या राज्यात गंगाखेडच्या शाळेत मी व्हरांड्यात बसून शिकलो. आत यायची मुभा नव्हती. मास्तर टेबलावर गोल ठेवायचे आणि मला खिडकीतून त्याची एकच बाजू दिसायची. चार वर्षे मी प्रशांत महासागर पाहिला. हिंदुस्थान पलीकडच्या बाजूला होता, आतल्या पोरांकडे.

तेव्हा मागायचे नाही म्हणजे नाही. दहा तास वीस मिनिटे तर दहा तास वीस मिनिटे. तिला हौस आहे उपाशी राहायची, राहू दे.

आज ती पाण्याची घागर उतरवताना भिंतीला धरून थोडा वेळ उभी राहिली. मी विचारले तर म्हणाली, "काई न्हाई, उनानं." पाऊस उघडला आहे आणि ऊन खरेच फार आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. आधी काचेच्या कपाटाकडे बघून घेतले. मग म्हणालो, "गोल पाहिजे होता. किल्ली द्या."

रंगनाथराव हसले. हसतात तेव्हा पानाचा रंग दिसतो. म्हणाले, "किल्ली? आवो वाव्हळे सर, किल्ली तर पहिल्या वर्षीच हरवली. कुलूप नुसतं अडकवलेलं हाय. ओढा की."

ओढले. निघाले.

सहा वर्षे. धड कुलूपसुद्धा लावता येत नाही या माणसाला. असल्या माणसाच्या हाती शाळा दिली आहे सरकारने.

मी दोरा काढला. गोल डुगडुगत होता तर त्यांनी उठून दोन्ही हातांनी धरला. नागनाथसाठी ना, असे स्वतःच विचारले. मी मुंबईवर बोट ठेवले. मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला, मग तोच दोरा विषुववृत्तावर लावून प्रमाण काढले. सात हजार दोनशे किलोमीटर. दोनदा मोजले. आठ तास बरोबर. उद्या दुपारी सव्वादोनला मुलगा लंडनच्या जमिनीवर. सपाट नकाशाने दोन तास वीस मिनिटे जास्तीची दाखवली होती.

रंगनाथरावांनी गोल तसाच धरून विचारले, "मधी कुठं थांबत आसंल की हो?"

घ्या. ऐंशी एकर असो की न्हाव्याची धोकटी असो, या गावात डोके एकच. मी म्हणालो, "आठ तासांच्या रस्त्याला थांबायचे काय कारण?" आणि बाहेर पडलो. गोल कपाटात ठेवायला विसरलो. ठेवतील ते.

सरजाबाईला सांगितले, आठ तास, सव्वादोन. तिचा चेहरा जरा हलका झाला. म्हणाली, "आठ तास म्हंजी काईच न्हाई." पहाटे उठून चार घास खाऊन गोळी घे म्हणालो तर मान्य नाही. "पोरगं रातीपासनंच तिथं जाऊन बसलं आसंल. त्येला तरी घास गेला आसंल का." संध्याकाळी जेवली ती शेवटची. हिच्या वेडेपणाला काही मापच नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी ६.१५. काल रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावून ठेवले होते. सरजाबाई अंगणात उभी राहून आभाळाकडे पाहत होती. मी सांगितले की मुंबईचे विमान पालमवरून जात नाही, ते उलट्या दिशेला, अरबी समुद्रावरून जाते. ती म्हणाली, "आभाळ तर येकच हाय की." आत निघून आलो. चहा केला होता, पण उकळून कडू झाला. टाकून दिला.

९.४०. तीन हजार किलोमीटरच्या पुढे असेल आता. अरबस्तानावर. सरजाबाई ज्वारी निवडते आहे. दर थोड्या वेळाने विचारते, "आता कुठं आसंल?" मी नकाशावर बोट ठेवून दाखवतो. तिला नकाशातले काही कळत नाही, निळे म्हणजे पाणी एवढेच. तरी बोटाकडे बघत राहते. सकाळपासून मला पित्त झाले आहे. काही खायला नको वाटते.

११.३०. घोटाळा झाला आहे.

सत्यशीला गंगाखेडच्या यष्टीने आली. कालच्या टपालाने नागनाथचे मुंबईहून टाकलेले पत्र आले होते. आश्रुबाने सवयीने तिच्याच हातात दिले आणि ही बया पत्र दप्तरात घालून मावशीकडे मुक्कामाला निघून गेली. मी तिला फाटकातच अडवले. सरजाबाई आत पडली होती, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून. मी हात पुढे केला. पोरीने पत्र द्यावे की नाही असा चेहरा केला. मग दिले.

चार महिन्यांनी त्याचे अक्षर पाहिले. बिघडले आहे, डॉक्टर लोकांचे होते तसे. चार ओळी उतरवून ठेवतो.

"आई, विमान आधी कुवेतला थांबेल, मग रोमला. दोन्हीकडे खाली उतरवतात, तेल भरतात. सगळे मिळून चौदा तास. घाबरू नकोस आणि गोळी चुकवू नकोस. बापूंना सांगू नकोस, पण तिकीट हातात आल्यावर मी पहिल्यांदा बोटाने रस्ता काढला, ते वर्गात काढायचे तसा. अरबी समुद्र, इराणचे आखात, भूमध्य समुद्र. कुठेही अडलो नाही."

कुवेत आणि रोम. दोन थांबे. न्हावी, सरजाबाई आणि रंगनाथराव, तिघांनी विचारले होते. यष्टीत बसणाऱ्या माणसांना एवढे कळते की कोणतीही गाडी मधे थांबते. मला सात हजार दोनशे भागिले नऊशे एवढेच कळले.

चौदा तास म्हणजे रात्री सव्वाआठ. अजून पावणेनऊ तास. आत बाई पडली आहे, ओठ सुकले आहेत, सकाळची गोळी घेतलेली नाही, कारण गोळीला पाणी लागते.

सत्यशीलेला म्हणालो, हे पत्र आलेच नाही. ती म्हणाली, "सर, खोटं बोलू?" मी म्हणालो, "बोलू नकोस. घरी जा आणि संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नकोस." गेली. पोरीला नाईल कळत नसली तरी हे लगेच कळले.

२.१५. घड्याळाचा गजर लावला होता. वाजला. मी आत जाऊन सांगितले, "उतरला. सव्वादोन वाजले. पाय जमिनीला लागले त्याचे."

ती उठून बसली. माझ्याकडे बघत राहिली. "नक्की?"

"माझा हिशेब कधी चुकलाय?"

पंचवीस वर्षांत एका मुलालासुद्धा मी चुकीचे अंतर सांगितलेले नाही. मुंबई–दिल्ली, कलकत्ता–मद्रास, कोणतेही विचारा. आज सांगितले. तांब्या मीच भरून दिला. ती हळूहळू पाणी प्याली, गोळी घेतली. मग भाकरी आणि बेसन ताटात घेऊन मागच्या दाराशी जाऊन बसली. तिकडे वारा लागतो म्हणाली. मी ओसरीवरून पाहिले, कोंबड्या तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. ताट रिकामे करून आली.

मला म्हणाली, "तुमी बी जेवा की आता." मी म्हणालो, पित्त आहे.

इतक्या सहज फसते माणूस. या देशात पुजारी आणि पुढारी का पोसले जातात ते आज नीट कळले. घड्याळ दाखवून कोणीही काहीही सांगावे.

४.३०. आता कुवेत सोडून रोमच्या वाटेवर असावे. थांबे किती वेळाचे ते पत्रात नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही. अर्धवट माहिती लिहायची ही जुनीच खोड आहे त्याची. दहावीच्या पेपरातही असेच करायचा आणि मी गुण कापायचो. स्वतःच्या मुलाला मी कधी एक गुण जास्त दिला नाही.

सरजाबाईने दोनदा भाकरीचे विचारले. पाणी तरी घ्या म्हणाली. मी चिडलो. पित्तावर पाणी चालत नाही. हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे ते मला ठाऊक नाही, पण नाही चालत.

६.१५. बारा तास. रंगनाथराव फाटकाशी येऊन गेले. आत आले नाहीत. "पोचला न्हवं?" विचारले. मी म्हणालो, पोचला, सव्वादोनला. ते म्हणाले, "लय बरं झालं. मपल्याच जिवाला घोर लागला व्हता." यांच्या जिवाला कशाचा घोर. माझ्याच विद्यार्थ्याच्या नावाने उद्या शाळेत भाषण ठोकतील. गोल आता बाहेर टेबलावरच ठेवला आहे म्हणाले, तुम्हाला वर्गात न्यायला बरा.

मी आभार मानले नाहीत.

८.२०. सव्वाआठ वाजले. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती. वाढ म्हणालो. तिने पटकन ताट केले, जणू तयारच होती. दोन भाकरी खाल्ल्या, तीन तांबे पाणी प्यालो. पित्त कुठे गेले कोणास ठाऊक. मग तिने स्वतःलाही वाढून घेतले. मी म्हणालो, दुपारी जेवलीस ना. म्हणाली, "पुन्हा लागली भूक." साखरेच्या आजारात अशी खा खा होते, त्यानेच सांगितले होते.

झाले. संपले एकदाचे थोतांड.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज दिवस आणि रात्र सारखी. दहावीच्या वर्गात गोल घेऊन गेलो. पोरांनी सव्वीस वेळा फिरवला. फुटला नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

तार आली. सुखरूप पोचलो, एवढेच. तारीख नाही, वेळ नाही. सरजाबाईने तारेचा कागद कपाळाला लावला. कागदाला कपाळ कशाला लावायचे ते विचारले नाही. तिच्यासाठी गोळ्या आणायला परभणीला जाणार आहे, शनिवारी.

५ ऑक्टोबर, शनिवार

लंडनहून पत्र. आश्रुबा सत्यशीलेच्या घराकडे वळला तर मी हाक मारून मागे बोलावले. तो पत्राकडे आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला म्हणालो, नाव वाव्हळ्यांचे आहे ना, मग वाव्हळ्यांकडे दे.

सरजाबाई चुलीपुढे होती. मी पाटावर बसून वाचायला लागलो. थंडी, बटाटे, मोठे इस्पितळ, एक शीख डॉक्टर मित्र. मग ही ओळ आली:

"रोमला विमानात काही बिघाड निघाला. तीन तास बसवून ठेवले. लंडनला उतरलो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झाले असतील."

मी थांबलो. मग वाचले, "लंडनला उतरलो तेव्हा आपल्याकडे दुपारचे सव्वादोन झाले असतील."

एक खोटे बोलले की ते पोसावे लागते. एवढे तर तिसरीतल्या पोरालाही कळते.

ती भाकरी उलटत होती. मागे न बघता म्हणाली, "सव्वादोनला उतरला, मंग तुमी सव्वाआठला का जेवलात?"

मी म्हणालो, "पित्त."

"सकाळपासनं पाण्याचा थेंब घेतला न्हाई तुमी. च्या वतून दिला. म्या बघत नव्हते का?" तिने भाकरी टोपल्यात टाकली. "तुमी सव्वादोनला आलात, उतरला म्हन्लात, आन् सवता काई खाल्लं न्हाई. म्या म्हन्लं, ह्यांला ठावं हाय अजून वरच हाय. पाणी प्याले, गोळी घेतली. नागूनंच सांगितलंय गोळी चुकवू नगं. भाकर कोंबड्यांला घातली."

"आणि बेसन?"

"बेसन बी."

म्हणजे सहा तास ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी घड्याळाकडे, ती माझ्याकडे. आणि मी इथे या वहीत लिहून ठेवले की इतक्या सहज फसते माणूस.

मला राग आला. स्वतःचा की तिचा ते नीट सांगता येणार नाही. मी म्हणालो, "मग आता खरे ऐक," आणि ती ओळ होती तशी वाचली. रोम, तीन तास, साडेअकरा. म्हणालो, "माझा आठ तासांचा हिशेब चुकला. त्याचा चौदा तासांचाही चुकला. आपण दोघे सव्वाआठला जेवलो तेव्हा तो वरच होता."

तिने हात थांबवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली ती मीच उलटली.

"मंग शेवटचे तीन तास त्येला वर कुणी धरलं?" तिने विचारले.

थट्टा करत नव्हती. मी म्हणालो, "इंजिनाने. चार इंजिने असतात त्याला."

"मंग आदीपासनं त्यानंच धरलं आसंल," ती म्हणाली. "आपुन उगंच उपाशी ऱ्हायलो."

अठरा वर्षे हेच तिच्या तोंडून ऐकायचे होते मला. गोदावरीच्या काठावर उभी होती तेव्हापासून. आज तिने आपण होऊन म्हटले, वादही न घालता, भाकरी थापता थापता.

मी म्हणालो, "उगंच कसं?"

आणि उठून पाणी प्यालो.